लाल निकेलची चूक आणि आमचे खंडारे सर

प्रा. डॉ. देविदास खंडारे सरांशी माझी पहिली ओळख भांडणाने झाली. त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या ग्रंथात पहिल्याच ओळीत भांडण काढावे का, असे संपादक मंडळातल्या एकदोघांना वाटेल. वाटो बापडे. माझा स्वभाव फटकळ आहे हे अमरावती-अकोल्यातल्या रसायनशास्त्राच्या सगळ्या मंडळींना ठाऊक आहे. आणि सरांवर लिहायचे तर खरेच लिहावे लागते, दुसरे काही ते चालवून घेत नाहीत.

मी चांदूर बाजारची. बी.एस्सी.ला गावाकडच्या मानाने चांगले गुण मिळवून अमरावतीला एम.एस्सी.ला आले ती जरा नाक वर करूनच. पहिल्या तासाला सर दोन बाटल्या घेऊन वर्गात आले. एकीत लाल पूड, दुसरीत हिरवी. टेबलावर दोन्ही ठेवून ते म्हणाले, "दोन्हीत निकेल आहे. दोन्हीकडे निकेलच्या डी-कक्षकांत आठच इलेक्ट्रॉन आहेत. मग रंग दोन का?" मी हात वर केला आणि बी.एस्सी.ला पाठ केलेले सांगितले, की अणू एकमेकांचे हात धरतात, त्याला बंध म्हणतात. इथे हात वेगळ्या तऱ्हेने धरले असतील.

"अणूंना हात नसतात, गावंडे," सर म्हणाले. वर्ग खो खो हसला. मला असा राग आला की मी उभ्या उभ्या विचारले, "मग तुम्ही पाहिलाय का सर बंध?" मागच्या बाकावरच्या मैत्रिणीने माझी ओढणी ओढली. सरांनी खडू खाली ठेवला, क्षणभर त्या दोन बाटल्यांकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "नाही. मी पाहिलेला नाही. विचारलंस ते बरं केलंस. आता कोणी कधी पाहिलाय का, ते शोधू." पुढचे पंधरा दिवस त्यांनी दुसरे काहीच शिकवले नाही. अभ्यासक्रम मागे पडला, पण त्या पंधरा दिवसांत जे कळले ते मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते आहे.

सर सांगत, धातू आणि त्याच्या भोवतीचे अणू यांच्यातला बंध डोळ्यांना दिसत नाही, दिसतात त्या साक्षी. रंग ही एक साक्ष. चुंबक त्या पदार्थाला ओढतो की नाही, ही दुसरी. निकेलभोवती चार शेजारी एका पातळीत चौकोनात बसले, की आठही इलेक्ट्रॉन जोडीजोडीने बसतात. पदार्थ बहुधा लाल किंवा पिवळा दिसतो आणि चुंबक त्याला ओढत नाही, उलट किंचित दूर सारतो. शेजारी सहा झाले, की दोन इलेक्ट्रॉन एकेकटे राहतात. पदार्थ हिरवा किंवा निळा होतो आणि चुंबकाकडे ओढला जातो. एवढ्याशा गोष्टीवरून आतली सगळी मांडणी ओळखायची. "पण एका साक्षीवर निकाल द्यायचा नाही," असे ते बजावत. "साक्षीदारही खोटं बोलतो."

ही दुसरी साक्ष काढायचे यंत्र म्हणजे आमच्या विभागातला चुंबकी तराजू. पूड बारीक करून काचेच्या अरुंद नळीत ठासून भरायची, नळी तराजूच्या दांडीला टांगून विद्युतचुंबकाच्या दोन टोकांच्या मध्ये सोडायची, आणि करंट नसताना व करंट असताना वजन घ्यायचे. चुंबकाने ओढले तर वजन वाढते, दूर सारले तर घटते; फरक मिलिग्रॅममध्ये. सरांचा नियम असा, की प्रत्येक नमुना दोन करंटवर मोजायचा, एकदा कमी आणि एकदा जास्त. पदार्थ शुद्ध असेल तर दोन्ही वेळा उत्तर एकच येते. त्यात लोखंडाचा कण जरी मिसळला असेल तर दोन उत्तरे येतात आणि चोरी पकडली जाते. "दोन करंटवर मोजलं का?" हा प्रश्न सर इतक्यांदा विचारत, की पोरांनी त्यांचे नावच 'दोन करंट' पाडले होते. सरांना ते माहीत होते. एकदा फळ्यावर कोणी लिहून ठेवले, तर त्याखाली त्यांनी तारीख टाकून सही केली.

सरांचे गाव बार्शीटाकळीजवळचे. आईवडील दोघेही रोजमजुरी करणारे. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर वडिलांनी देविदासला बोट धरून शाळेत नेले आणि मास्तरांना सांगितले, "याले घरी पाठवू नका." सरांनी हे कधी भाषणात सांगितलेले नाही, मला काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नी सुमनकाकूंनी, सांगितले. पुढे अकोल्याचे वसतिगृह, शिष्यवृत्ती, अमरावतीची नोकरी, संशोधन. विभागात तेव्हा असे काही लोक होते, ज्यांना सरांचे ज्ञान नाकारता येत नव्हते आणि त्यांची खुर्ची बघवत नव्हती. ते सरांच्या एका चुकीची वाट पाहत बसलेले होते. हे मी उगीच लिहीत नाही, पुढे त्याचे कारण आहे.

एम.एस्सी.नंतर माझे लग्न झाले, अकोल्याच्या एका महाविद्यालयात तात्पुरती नोकरी लागली आणि सरांकडेच पीएच.डी.ला नाव नोंदवले. सासरी नाराजी होती. सुनेने दर रविवारी अमरावतीला कशाला जायचे, असा सासऱ्यांचा सवाल. सरांच्या कानावर हे कसे गेले कोण जाणे, एका दुपारी ते अकोल्याला आमच्या घरी येऊन उभे राहिले. सासूबाई मला स्वयंपाकघरात हळूच विचारू लागल्या, "चहा कोनत्या कपात देऊ वं?" मेल्याहून मेल्यासारखे झाले मला. मी घरातला सगळ्यात चांगला कप काढला आणि स्वतः नेऊन दिला. सर दोन तास सासऱ्यांशी तुरीवरच्या अळीबद्दल आणि पावसाबद्दल बोलले. संशोधनाचा शब्द नाही. निघताना चप्पल घालता घालता एवढेच म्हणाले, "बुवा, तुमची सून कामात पक्की आहे." त्यानंतर रविवारी मला बसस्टँडवर सोडायला सासरेच येऊ लागले. आतला प्रश्न सरांना ऐकू गेला होता का, हे मी कधी विचारले नाही. विचारायची हिंमत नाही.

आता मूळ गोष्ट. ती लिहू नये असे मला तिघांनी सुचवले. गौरवग्रंथात गौरवच असावा म्हणे. मी सरांना फोन करून विचारले, तर ते म्हणाले, "तेच लिहायचं नसंन तर मंग लिहितं कायले?"

माझ्या पीएच.डी.साठी मी निकेलची काही नवी संयुगे तयार केली होती. सगळी लालबुंद, म्हणजे रंगाच्या साक्षीप्रमाणे चौकोनी बांधणीची. चुंबकाने त्यांना ओढायला नको. नेमका त्याच वेळी विभागातला अकीक दगडाचा खल तडकला. पूड करायची कशात? नवा खल यायला दोन-तीन महिने लागणार, आणि मला तर रविवार ते रविवार घाई. मी चांदूर बाजारला गेले आणि आईचा लोखंडी खलबत्ता घेऊन आले. चिंच लावून घासला, मिरचीचा वास जाईपर्यंत धुतला, वर डिस्टिल्ड पाण्याने विसळला, आणि त्यात माझी संयुगे मन लावून कुटली. चुंबकावर मोजायची पूड लोखंडात कुटणारी बाई अख्ख्या वऱ्हाडात दुसरी झाली नसेल! त्या वेळी मात्र मला स्वतःच्या हुशारीचे फार कौतुक वाटले होते.

तराजूने चमत्कार दाखवला. चुंबक त्या लाल पुडीला ओढत होता. पूर्ण नाही, अर्धवट. उत्तर शून्यही नाही आणि दोन एकट्या इलेक्ट्रॉनांइतकेही नाही, मधलेच काहीतरी. मी वही सरांपुढे ठेवली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. अशा संयुगात काही रेणू चौकोनी आणि काही रेणू वेगळ्या बांधणीचे असे एकत्र नांदू शकतात, हे भाकीत त्यांनी बारा वर्षांपूर्वी मांडले होते आणि ते कोणी मनावर घेतले नव्हते. ते खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा वही पाहिली. त्या दिवशी त्यांनी मला तो नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मीही सांगितले नाही की मोजणी एकाच करंटवर झाली आहे.

निबंध चांगल्या नियतकालिकात छापून आला, आम्हा दोघांच्या नावाने. बाहेरून पत्रे आली. अमरावतीतच होणाऱ्या परिसंवादात सरांचे मुख्य व्याख्यान ठरले. नवीन संशोधन केंद्राचे प्रमुखपद त्यांनाच मिळणार अशी बोलणी सुरू झाली. ज्यांना त्यांची खुर्ची बघवत नव्हती तेही अभिनंदन करून गेले.

मग, तीन महिन्यांऐवजी वर्षाने, नवा खल आला. मी त्याच संयुगाची ताजी पूड त्यात केली, नळी भरली, करंट सुरू केला आणि वजन कमी झाले. ओढ नाहीच. मला वाटले संयुग बिघडले. पुन्हा तयार केले, पुन्हा मोजले. तेच. शेवटी भौतिकशास्त्र विभागातून नालाकृती चुंबक मागून आणला, त्याला कागद गुंडाळला आणि जुन्या पुडीवरून फिरवला. कागदाला काळे बारीक कण चिकटून आले. मी तिथेच स्टुलावर बसले.

आठ दिवस मी कोणाला काही बोलले नाही. त्या आठ दिवसांत मी काय काय विचार केले ते आज लिहायलाही लाज वाटते. पीएच.डी. झाली तर अकोल्याची नोकरी कायम होणार होती. कोण तपासणार आहे? निकेलच्या एका संयुगाने जगाचे काय अडले आहे? हे झाले माझ्यापुरते. पण खरी भीती दुसरी होती. निबंध खोटा ठरला तर माझे नाव कोणी घेणार नव्हते. बोट दाखवले जाणार होते ते खंडारे सरांकडे, आणि ज्या शब्दांत दाखवले जाणार होते ते शब्द मला आमच्या घरादारातून चांगले ठाऊक होते. ज्या माणसाने मला उभे केले त्याच्याविरुद्ध त्या लोकांच्या हातात कोलीत द्यायचे ते मी? व्याख्यानाला चार दिवस उरले होते.

रविवारी सकाळी सरांच्या घरी गेले. काकू ओसरीत पापड वाळत घालत होत्या. सरांनी माझ्याकडे पाहिले आणि घरच्या बोलीत विचारले, "काहून वं, तोंड काहून उतरलं तुह्यं?" मी कागद उलगडून काळे कण त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळे सांगितले. खल तडकला तिथपासून. रडत रडत सांगितले.

ते ऐकत राहिले. मग विचारले, "खलबत्ता कोनाचा?"

"माह्या आईचा."

"अन् हे मालूम कदी पडलं?"

"आठ दिवस झाले सर."

त्यांचा चेहरा तेव्हा बदलला. लोखंडाचे ऐकून ते रागावले नव्हते, आठ दिवसांचे ऐकून रागावले. "चूक झाली तवा मी अडाणी होतो," ते म्हणाले. "अडाण्याले माफी असते. पन आठ दिवसांपासून मी लबाड आहो, अन् मले त्याची खबरबी नाई. लोकं भेटून रायले, मी त्यायले तेच सांगून रायलो! असं काहून केलं वं तू?"

मी म्हटले, "सर, तुमचं नाव..."

"माह्यं नाव माह्या बापानं ठेवलं. त्याले काई होत नाई."

काकू पापड टाकून आत आल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिले आणि सरांना म्हणाल्या, "पोरीवर कावू नका. तुमी तरी कुठी इचारलं तिले?" सरांनी कागदावरचे काळे कण पुन्हा पाहिले. मग अगदी हळू म्हणाले, "हो. मी इचारलं नाई. मलेच थे उत्तर पाह्यजे होतं." बारा वर्षे ज्या उत्तराची वाट पाहिली ते दारात आले आणि त्यांनी ते न तपासता आत घेतले, एवढाच त्यांचा गुन्हा. पण तो त्यांनी माझ्यासमोर, स्वतःच्या बायकोसमोर, कबूल केला.

आम्ही लगेच विभागात गेलो. जुनी पूड सरांनी स्वतःच्या हाताने भरली, कमी करंटवर मोजली, जास्त करंटवर मोजली. दोन उत्तरे आली. त्यांनी ती वहीत लिहिली, खाली रेघ मारली, आणि तिथेच बसून नियतकालिकाला पत्र लिहिले. त्यात खलबत्त्याचा उल्लेख होता, पण तो कोणी वापरला हे नव्हते. 'नमुना लोखंडी खलात केला गेला आणि नेहमीची दुसरी मोजणी करून घेण्यात मार्गदर्शक म्हणून माझ्याकडून कसूर झाली,' असे त्यांनी लिहिले. मी म्हटले, माझे नाव घाला. ते म्हणाले, "तुझं नाव पुढच्या निबंधात घालू. तो बरोबर लिही म्हणजे झालं."

चौथ्या दिवशी परिसंवादात सर उभे राहिले. विषय तोच ठेवला, पण पहिल्याच वाक्यात सांगितले की निबंधातले मूल्य चुकीचे आहे, आणि ते कसे चुकले ते मी आज सांगणार आहे. पाऊण तास ते स्वतःच्या चुकीवर बोलले, इतक्या नेमकेपणाने की पोरे वहीत उतरवून घेत होती. मागच्या रांगेत दोघे-तिघे हसत होते. एकाने चहाच्या वेळी, मला ऐकू जाईल अशा बेताने, जे म्हणायचे ते म्हटलेच. "यांच्याकडून दुसरं काय होणार?" मी त्याला काय उत्तर दिले ते या ग्रंथात छापण्याजोगे नाही.

संशोधन केंद्राचे प्रमुखपद दुसऱ्याला मिळाले. कारण कोणी लेखी दिले नाही, द्यायची गरजही नव्हती. माझी पीएच.डी. दीड वर्ष लांबली. या दीड वर्षात सरांनी एकही रविवार चुकवला नाही. प्रमुखपद गेल्याचे त्यांना दुःख झाले नसेल असे मी म्हणणार नाही. झाले होते, काकूंनी मला सांगितले आहे. पण त्यांनी त्याचा हिशेब माझ्या नावावर कधी मांडला नाही. ना शब्दाने, ना नजरेने. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, की लोखंडाच्या भेसळीवर प्रबंधात एवढे मोठे प्रकरण कशासाठी? मी तोंड उघडण्याआधी सर म्हणाले, "ते या प्रबंधातलं सगळ्यात भरवशाचं प्रकरण आहे."

सरांनी पुढे खूप काम केले. धातू-संयुगांतल्या इलेक्ट्रॉन-रचनेवर त्यांचे किती विद्यार्थी कुठे कुठे काम करतात ते या ग्रंथात इतरांनी लिहिलेच आहे, मी पुन्हा लिहीत नाही. मला एवढेच कळते, की जी गोष्ट कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही तिच्याबद्दल बोलायचे असेल तर बोलणारा माणूस खरा असावा लागतो. रेणूच्या आत जाऊन कोणी पाहणार नाही. तिथे आपल्याला पकडणारे कोणी नसते. सर तिथे पन्नास वर्षे राबले.

शेवटी एक कबुली. या ग्रंथासाठी सरांच्या शोधनिबंधांची सूची तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. मी ती मोठ्या काळजीने केली आणि तो एक निबंध मुद्दाम गाळला. पंचाहत्तरीच्या ग्रंथात त्यांच्या नावापुढे तो कशाला दिसावा, असे मनापासून वाटले. सूची त्यांच्याकडे तपासायला पाठवली. परत आली तेव्हा दोन ओळींच्या मध्ये, आता थरथरू लागलेल्या त्यांच्या अक्षरात, निबंधाचे नाव लिहिलेले होते आणि पुढे, 'चुकीचा. दुरुस्ती खालच्या नोंदीत पाहावी.' कडेला माझ्यासाठी एक ओळ होती. 'मंदा, अजून लपवूनच रायली का वं?'

सूची त्यांनी सुधारली तशीच छापली आहे. सर, मी साठीला आले, नावापुढे प्राध्यापक लागले, आणि माझा हात अजूनही खोट्याकडे वळतो, तोही तुमच्यावरच्या मायेपोटी. तेव्हा तुमची तब्येत धडधाकट राहायला हवी, काकूंचीही, आणि तुम्ही शंभरी ओलांडायला हवी. माझे अजून बरेच तुमच्याकडून तपासून घ्यायचे राहिले आहे.